वास येईपर्यंत

सकाळी दहा वाजता ओव्हरलॉक मशीनवरच्या काकूंनी काज-बटणाचं टेबल ब्लीचच्या पाण्याने पुसलं. ते वाळायच्या आत कटिंग मास्तरांनी त्यावर तयार कोटांचा गठ्ठा आणून ठेवला. कोट एका हॉटेलच्या दरवानांचे होते, गडद निळे. संध्याकाळी सहाला ते न्यायला गाडी येणार होती.

कारखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या ताई, आरडाओरडा ऐकून खाली आल्या तेव्हा मास्तर एकेक बाही उलगडून बघत होते. मनगटापाशी निळा रंग उडाला होता आणि गाजराच्या रंगाचे डाग पडले होते.

"ब्लीच किती टाकलंत, काकू?"

"वास येईपर्यंत."

"आणि कशासाठी?"

काकूंनी टेबलाच्या टोकाकडे नुसती मान उडवली. तिथल्या खुर्चीवर काजवाली बसायची. ती अजून यायची होती. दवाखान्यात औषधं आणायला गेली होती.

ताईंनी कपाळावर हात मारला. दर महिन्याला लागणाऱ्या या रजेचं कारण काजवालीने फक्त त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते फक्त मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी फक्त बायकोला. बायकोने फक्त काकूंना.

"एचआयव्ही टेबलावरून होत नाही, काकू. किती वेळा सांगू? शेजारी बसून होत नाही, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही, शिवलेल्या कपड्याला हात लावून होत नाही."

"आणि डास?"

"डासांनी झाला असता तर अख्खी गल्ली अंथरुणाला खिळली असती!"

"मी तर आधी खोटंच धरलं होतं," काकू म्हणाल्या. "चांगली धडधाकट बाई. गाल बघा तिचे."

"औषधं घेते म्हणून धडधाकट आहे."

"तेच म्हणते मी. औषधं लागतात म्हणजे आहेच ना काहीतरी."

पालथ्या घड्यावर पाणी. ताईंनी विषय सोडला आणि मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी तोवर उपाय शोधला होता. उरलेल्या कापडाचे तुकडे कापायचे आणि मनगटावर गोल फिरवून डाग झाकायचे. मशीन चालणार नव्हतं, आतलं अस्तर शिवणीत अडकलं असतं. हातानेच करायला हवं, तेही टाका दिसू न देता. असा हात कारखान्यात एकाच बाईचा होता. तिची खुर्ची अजून रिकामी होती.

काजवाली औषधांची पिशवी घेऊन आली. दारातच तिला वास आला. तिने टेबल पाहिलं, बाह्या पाहिल्या, मग एकेकाचं तोंड पाहिलं. खुर्ची ओढली. कनवटीचा रुमाल सोडून त्यातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची पितळी टोपी, बोटात चढवलं.

"तुकडे कापलेत का, मास्तर?"

मास्तर कापत गेले. ताई ते तिच्यापर्यंत पोचवत होत्या. टेबल लांब होतं. हातात फूटपट्टी होती, म्हणून ताईंनी तुकड्यांची चळत फूटपट्टीनेच पुढे सरकवली. पुन्हा सरकवली.

"फूटपट्टी आखूड पडतेय, ताई," सुईत दोरा ओवत काजवाली म्हणाली. "गजाची पट्टी आणू का?"

ताईंनी हातातल्या फूटपट्टीकडे पाहिलं. सकाळी घसा कोरडा पडेपर्यंत काकूंना समजावलं होतं ते त्यांनीच. त्यांनी पट्टी टाकून दिली आणि पुढचे तुकडे तिच्या हातात नेऊन दिले. उशीर झाला होता, हे त्यांनाही कळलं.

"एवढे कोट झाले की मी जाते," काजवाली म्हणाली. "उद्यापासून दुसरीकडे बघेन."

"तुला जा कोण म्हणतंय?"

"म्हणत कोणीच नाही. पुसतात."

दुपार सरली. एकेक कोट तिच्या हाताखालून निघत होता आणि बाही जणू तशीच बेतली असावी असा दिसत होता. शेवटची नजर टाकून घड्या घालायचं काम काकूंचं. त्या प्रत्येक कोट खांद्याला चिमटीत धरून उचलत होत्या, लटकणारे दोरे गळ्यातल्या लहान कात्रीने लांबूनच कापत होत्या. मध्येच पदराला हात पुसत होत्या.

सहाला बाहेर हॉर्न वाजला. मग एकसारखा वाजायला लागला. मास्तर ओरडले, "आटपा, काकू!" शेवटचा कोट राहिला होता. काकूंनी तो ओढला, मनगटाला एक दोरा लोंबत होता, त्यांनी बाही तोंडाशी नेली आणि दोरा दातांनी तोडला. जन्मभर तोडत आल्या होत्या तसा.

सगळी मशीनं थांबली.

काकू ओठ मिटून उभ्या राहिल्या. दोऱ्याचं टोक तोंडातच होतं. थुंकावं की गिळावं, ते त्यांना कळेना. त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. काजवालीकडे पाहिलं.

"काही होत नाही, काकू," काजवाली म्हणाली. तिच्या आवाजात दिवसभराचा शीण होता. "पण कात्री गळ्यातच आहे तुमच्या. दात कशाला झिजवता?"

कोणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी काकूंच्या हातातून कोट घेतला, घडी घातली आणि गाडीकडे धावले.

काजवाली निरोप न घेता गेली.

सातला ताई कुलूप लावायला आल्या. काजवालीच्या जागेवर अंगुस्तान पडलं होतं. रोज ते ती रुमालात बांधून न्यायची. विसरली, की आता नको म्हणून ठेवून गेली, की उद्या यायचं म्हणून ठेवून गेली, ते सांगायला कोणी नव्हतं. काकूंनी जाता जाता टेबल पुसलेलं होतं, अंगुस्तानाला वळसा घालून. त्याच्याभोवती कोरडं वर्तुळ राहिलं होतं.

ताई वाकल्या आणि टेबलाचा वास घेतला.

साधं पाणी होतं.