हाताच्या मापाचं

"हे नक्की काय आहे?" उदयसिंह सरांनी विचारलं.

त्यांच्या हातात शिसवाची वीतभर लांब वस्तू होती. एका टोकाला पिळलेली, मधे फुगलेली, दुसऱ्या टोकाला खोलगट.

"चमचा आहे," प्रियदर्शनी म्हणाली.

सर कलाशाळेत शिल्पकला शिकवायचे. तिचे वडील आकाराम गेल्याचं कळल्यावर ते भेटायला आले होते, आणि फळीवर नजर गेल्यावर बोलायचंच विसरले होते.

"मला तर मान वळवून बसलेला पक्षी वाटला."

"आईसाठी केलाय. तिची बोटं मिटत नाहीत."

आकाराम फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. शहाण्णव साली त्यांचा मुलगा कृष्णात गडहिंग्लजच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला, आणि आकारामांनी कामावर जाणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. ताट तसंच परत यायचं. प्रियदर्शनी रविवारी वारणानगरहून यायची, उशाशी बसून परत जायची. दर खेपेला ते आणखी वाळलेले दिसायचे.

मग एका सकाळी त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या हातातून चहाची कपबशी निसटली.

"बोटं मिटंनात," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांची."

डॉक्टरांनी हातांचे एक्स-रे काढले, रक्त तपासलं. काही सापडलं नाही. शिरेचं दुखणं असेल, म्हणाले.

आकाराम उठून त्यांना भरवायला बसले. झुंबरबाईंनी तोंड फिरवलं.

"ल्हान पोर हाय व्हय मी? माझ्या हातानं खाता येईल असं काय तरी करा."

त्या दिवशी आकारामांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली.

पहिला चमचा बसला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यानं झुंबरबाईंनी आमटी-भात खाल्ला. आकाराम समोर बसून बघत होते. मग त्यांनीही ताट ओढलं.

पुढं घरातली एकेक वस्तू बदलत गेली. शंखासारखा पेला. मनगटात अडकवायची फणी. एका अंगाला कललेला पाट, त्यावरून कोपराच्या जोरावर उठता यायचं. आलेले पाहुणे हातात घेऊन फिरवायचे आणि विचारायचे, "देवाचं हाय काय हे?"

एक वस्तू हाताला बसली, की थोड्या दिवसांत दुखणं कूस बदलायचं.

"आता अंगठाबी वळंना," झुंबरबाई म्हणायच्या.

आकाराम मेणात त्यांच्या हाताचा ठसा घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. स्वयंपाकही त्यांच्याकडंच आला होता. प्रियदर्शनीला ते बघवायचं नाही.

"आई, आप्पा थकलेत. मी स्टीलचा चमचा वाकवून आणते."

"नको. त्यांनाच करू दे."

तिला आई फार स्वार्थी वाटली. तसं ती बोललीही एकदा. आकारामच म्हणाले, "अगं, तुझ्या आईचा हात मला माझ्या हातापेक्षा जास्त कळतो."

असंच आठ वर्षं चाललं. शेवटी ते गेले तेव्हा कानस अजून बाकावरच होती, आणि अर्धवट घासलेला एक दांडा.

"याचं प्रदर्शन व्हायला हवं," उदयसिंह सर म्हणाले. "खाली काही लिहायचं नाही. वस्तू की शिल्प, ते लोकांनी ठरवावं."

"पण हे सगळं आईच्या रोजच्या वापरातलं आहे, सर."

झुंबरबाई दारात येऊन उभ्या होत्या. "घिऊन जावा की," त्या म्हणाल्या. "समदं न्या. हितं काय करायचंय आता."

"आई, तू जेवणार कशानं?"

त्या आत गेल्या.

सरांनी टेम्पो बोलावला. एकेक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली गेली. फळी मोकळी झाली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत प्रियदर्शनी बाहेर उभी राहिली. आता आईला भरवावं लागणार, सुट्टी वाढवावी लागणार, असं मनात घोळवत ती घरात आली.

स्वयंपाकघरातून थप थप आवाज येत होता.

झुंबरबाई परातीपुढं बसल्या होत्या. त्यांनी ज्वारीच्या पिठाचा गोळा मळून घेतला, आणि दहाही बोटं पसरून, मिटून, दोन्ही हातांनी गरगर फिरवत भाकरी थापू लागल्या.