पहिला नंबर

शिवणकामाचा कारखाना बंद पडला, तेव्हा मालकांनी बायकांना नुकसानभरपाई म्हणून जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेचा कोर्स दिला. आज त्याची परीक्षा होती. अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, आकडे दिले होते आणि लूप चालवून, एकेक तपासत, त्यातला सर्वांत मोठा शोधायचा होता. कॉलर बसवण्यात जिचा कुणी हात धरू शकत नसे, ती मावशी दोन तास घामाघूम होऊन बसली होती. मोजणी एकापासून नाही, शून्यापासून करायची, हे तिला पटता पटत नव्हतं. अखेर स्क्रीनवर बरोबर आकडा उमटला.

"सर, जमलं."

"छान," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"पण बघितलंत कुठं?"

"मावशी, निकाल सकाळीच पाठवलाय. सगळ्या पास आहेत."

मावशीनं स्क्रीनवरचा आकडा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, "हे शिकून कुणाला नोकरी लागते का हो?"

"मला लागली ना. मी शेजारच्या कारखान्यात कापड कापायचो. तो बंद पडला तेव्हा आम्हालाही हाच कोर्स दिला. मी पहिला आलो, म्हणून पुढच्या बॅचला शिकवायला मलाच ठेवलं."

मावशीचा चेहरा उजळला. खुर्ची पुढं ओढून तिनं हळूच विचारलं, "मग या वेळी पहिलं कोण आलंय?"

"तुम्हीच. मीच तसं लिहून पाठवलंय," सर म्हणाले. "पण पुढची बॅच नाही, मावशी. बंद पडायला आता एकही कारखाना उरला नाही."