मच्छर मारायचं मशीन

टू-स्ट्रोक इंजिन धूर ओकायला लागलं की अंबड नाक्यावरच्या हाशिम मिस्त्रीला आपल्याच तोंडाला कुणी काळं फासल्यासारखं वाटायचं. त्यामुळे भावी नगरसेवक भागवतराव ज्या मशीनने रोज संध्याकाळी वॉर्डात मच्छर मारत फिरायचे, ते मशीन बंद पडून दुकानात आलं, तेव्हा त्याने जीव ओतून काम केलं. कार्बोरेटर खोलला, तुंबलेला जेट फुंकून साफ केला, हवेचा स्क्रू बराबर बसवला आणि पेट्रोलमधलं वारेमाप ऑइल मापात आणलं. मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी भागवतराव तणतणत परत आले.

"हाशिमभाई, काय करून ठेवलं हे? इलेक्शन तोंडावर आलं अन् मशीनला धूरच न्हाई. लोक हसून राह्यले."

"साहेब, तो इंजिनचा धूर होता. तो मी बंद केला. औषधाचा धूर या नळीतून यायला पाहिजे. टाकीत औषध भरलं ना?"

"कोणती टाकी?"

हाशिमने औषधाच्या टाकीचं झाकण काढलं.



आतून मच्छर उडाले.