बासरीच्या आधी

"आज बिल्कुल जागा नाही, ताई," म्हणत गुणवंतरावांनी दारात हात आडवा धरला.

दिल्लीत नेताजी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी सगळा ब्लॉक जमे, कारण टीव्ही तेवढा गुणवंतरावांकडे. बैठक पदाच्या उतरंडीने ठरलेली. सोफ्यावर सेक्शन ऑफिसर विश्वनाथ पाठक, खुर्च्यांवर असिस्टंट, पलंगाच्या कडेला क्लार्क. सतरंजीवर पोरं, त्यांना अजून ग्रेड मिळायची होती. आज मालिकेचा शेवटचा भाग. पाठकांचे साडूही पानिपतहून आले होते, सहकुटुंब.

दारात होत्या चंद्रप्रभाबाई. वरच्या मजल्यावर राहत. नवरा वारल्यावर त्याच्या खात्यात टायपिस्ट म्हणून लागलेल्या. घरात टीव्ही नाही. त्यांची एक सवय सगळ्यांना खटके. शीर्षकगीत लागायच्या जरा आधी येत, गीत संपलं की गोष्ट सुरू व्हायच्या आत निघून जात. येताना सगळ्यांना सरकवत, जाताना पुन्हा सरकवत. गुणवंतरावांच्या बायकोने, हेमलताने, त्यांचं नावच ठेवलं होतं : पोस्टर बघून परतणारी बाई.

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

"पूर्ण बघणार असाल तर करतो काहीतरी," गुणवंतराव म्हणाले. "नुसतं गाणं काय, आमची लतिकासुद्धा म्हणून दाखवेल. दिल्लीतलं कुठलंही पोर दाखवेल."

"आज शेवटचं आहे, भाऊ. परत कधी लागेल कोण जाणे. तेवढं ऐकू द्या."

"अच्छा, पण त्या गाण्यात आहे काय एवढं?"

चंद्रप्रभाबाईंनी पदर सावरला.

"शेवटी बासरी आहे ना, तिच्या आधी हे श्वास घेतात."

गुणवंतरावांचा हात खाली आला. अख्ख्या ब्लॉकची इन्क्रिमेंटं त्यांना तोंडपाठ होती. या बाईचा नवरा ऑफिसातून सुटल्यावर काय करायचा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बासरी त्यांची?"

"हो. रेकॉर्डिंगमध्ये श्वास ऐकू आला. परत घेऊ म्हणत होते सगळे, पण स्टुडिओची वेळ संपली. घरी आले ते चिडूनच. म्हणाले, आता माझी चूक सगळ्या देशाला ऐकू जाणार." त्या किंचित हसल्या. "मालिका सुरू व्हायच्या आतच गेले. बासरी झाली की निघते मी. पुढची गोष्ट मला काय करायची?"

पाठकसाहेब न सांगता सोफ्यावरून उठले. चंद्रप्रभाबाई तिथे बसल्या नाहीत. पोरांमधून वाट काढत त्या टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

गुणवंतरावांनी आवाज वाढवला आणि सतरंजीकडे वळले. पोरं दर रविवारी टीव्हीबरोबर घसा ताणून गात आणि बासरी सुरू व्हायच्या आधी आ वासून मोठ्ठा श्वास घेत. गुणवंतरावांना वाटे, ओरडून दमतात. लतिका तर घरात गुणगुणतानाही तसाच श्वास घेई, म्हणून हेमलता तिला डॉक्टरकडे नेऊन आली होती.

"आज कोणी गायचं नाही," गुणवंतराव म्हणाले. "एकदम चूप. काकूंना ऐकायचंय."

पोरांनी तोंडं पाडली, पण ओठ मिटले.

गाणं सुरू झालं. सगळे आवाज मिळून चढत गेले, चढत गेले आणि थांबले. त्या थांबण्यात, टीव्हीच्या खरखरीतून, एका माणसाने श्वास घेतला. इतके रविवार तो याच खोलीत घेत होता.

आणि सतरंजीवर, ओठ घट्ट मिटून बसलेल्या सगळ्या पोरांचे खांदे, त्याच क्षणी, एकदम वर उचलले गेले.