सोळाची नळी

"सोळाची नळी मोठी का बाराची?" मारोतरावांनी विचारलं.

"सोळाची, बाबाजी," देवीदास म्हणाला.

"मंग साहेबासमोर हेच कावून नाही सांगितलं?"

"हेच तं सांगितलं. साहेब हासला अन् म्हणाला, अगले महीने आना."

मारोतरावांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. साहेबालाच बंदुकीतलं काही कळत नसेल, असं ते म्हणाले.

देवीदास भिलाईच्या कारखान्याच्या पहाऱ्यावर होता. हातात नुसती काठी. बंदूकवाला पहारेकरी व्हायचं तर साहेबापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. पास झालं की बढती, बढतीबरोबर क्वार्टर, आणि क्वार्टर मिळालं की साकोलीकडच्या गावात एकट्या राहिलेल्या बायकोला, रुक्माला, आणता येणार. तोवर टिनाची बराक आणि मेसचं जेवण.

मारोतरावांची सगळी हयात भंडाऱ्याच्या एका बंदुकीच्या दुकानात काडतुसं भरण्यात गेली होती. बायको मनकर्णाबाई वारल्या तेव्हा मुलगा शालिकराम त्यांना भिलाईला घेऊन आला. तो कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर पाळीत होता. घरी आला की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपे. पोराचा दोष नव्हता, भट्टीपुढे उभं राहून माणूस बोलायला उरतच नसे. शेजारी एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली. सगळे भले लोक. हात जोडून हसत आणि आत निघून जात. मारोतरावांच्या तोंडाला दिवसच्या दिवस कुलूप असे. आपला आवाज कसा होता हेही विसरायला होईल, अशी त्यांना भीती वाटायची.

एकदा ऐतवारच्या बाजारात एक माणूस वांगीवाल्याशी हुज्जत घालत होता. बोलणं हिंदीतच चाललं होतं, पण रागाच्या भरात त्याच्या तोंडून 'का'ऐवजी गावाकडचं "कावून" निघालं. मारोतरावांनी गर्दीत घुसून त्याचा हातच धरला. तो देवीदास.

तेव्हापासून तो दर ऐतवारी दुपारी येई. मारोतराव त्याला बंदुकीचं शिकवत. बंदूक काही घरात नव्हती, सगळं तोंडीच. "जोड्याचा नंबर असते ना, तसंच हे," ते सांगत. "आकडा मोठा तं नळी मोठी." शिकवणी झाली की गावाकडच्या गोष्टी निघत आणि ऊन उतरेपर्यंत चालत. त्या एका दुपारसाठी म्हातारा बाकीचे दिवस कसेबसे ढकलत होता.

आज देवीदासने डबा आणला होता. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी.

"मेसचा हाय?" मारोतरावांनी विचारलं.

"हो. मेसचाच."

"तुमचा महाराज बराच सुधारून राहिला."

देवीदास नुसता हसला. मारोतरावांनी डबा चाटूनपुसून खाल्ला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "रुक्मा काय म्हणते?"

"बरी हाय."

"कंटाळत असंल बापा."

"एकटं माणूस कंटाळतेच, बाबाजी," देवीदास खाली बघत म्हणाला.

मारोतराव उठले आणि आतून संध्याकाळच्या पोळ्यांची मळलेली कणीक घेऊन आले. तिचे त्यांनी सारखे दोन गोळे केले.

"हे शिसं समज," ते म्हणाले. "हा एक पौंड. हाही एक पौंड." एका गोळ्याच्या त्यांनी बारा गोळ्या वळल्या. दुसऱ्याच्या सोळा. हात सराईत होते, एकही लहानमोठी झाली नाही. "पौंडाच्या बारा पाडल्या, तं त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते, ते बारा बोअर. सोळा पाडल्या, तं सोळा बोअर. आता पाय, कोणती गोळी मोठी हाय?"

देवीदासने पाहिलं.

"बाराची मोठी," मारोतरावच म्हणाले. "मी तुले खोटं शिकवलं. जाणूनबुजून शिकवलं."

"कावून जी?"

"तू पास झाला असता, तं रुक्मा आली असती. मंग इथं कायले येतं तू?" त्यांनी कणकेचे हात जोडले. "तुह्या संसाराच्या आड आलो मी. माफ कर मले."

बाहेर बंगालीणबाईने बादली ठेवल्याचा आवाज झाला. देवीदासने दोन्हीकडची एकेक गोळी उचलली, तळहातावर शेजारी ठेवली, डोळे बारीक करून पाहिली.

"नाही समजलं, बाबाजी," तो म्हणाला.

"काय नाही समजलं?"

"बारा सोळापरीस कमी. मंग कमी असून मोठी कशी?"

मारोतरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गोळ्या मोडल्या, पुन्हा वळल्या. देवीदास मान हलवत राहिला.

"डोक्यात नाही बसून राहिलं," अखेर तो म्हणाला. "पुढच्या ऐतवारी पुन्हा सांगजा. अन् त्या चारशे दहा बोअरवाल्या बंदुकीचं तं तुमी अजून काढलंच नाही."

"ते येगळंच हाय. ते इंचात मोजतात."

"मंग त्याले दोन ऐतवार लागतीन."

इतक्या ढ माणसाच्या हाती सरकारने बंदूक देऊ नये, असं मारोतरावांना मनापासून वाटलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली. तरी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते विचारत होते, "येशीन ना पण?"

"येतो ना, बाबाजी."

देवीदास पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. तिथून उजवीकडे बराकींची वाट होती. तो डावीकडे वळला आणि नव्या क्वार्टरांच्या ओळीत एका दारापुढे थांबून त्याने कडी वाजवली.

रुक्माने दार उघडलं.

"आजबी नापासच झाले का जी?" तिने विचारलं.