डाव्या कानावरचा टाका

"बाबा, आईचं टोपडं चोरलंय," म्हणत लेकीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. हिची आई वारली त्याच्या आदल्या वर्षी तिने इंटरनेटवर व्हिडिओ टाकून बाळाचं टोपडं विणायला शिकवलं होतं. आता कुणा परक्या बाईने तेच आपल्या नावावर खपवलं होतं.

"तेच कशावरून?"

"डाव्या कानावर एक टाका उलटा आहे. आई बोलण्याच्या नादात तिथे हमखास चुकायची. दुसरं कोण असं चुकेल? तक्रार केली की व्हिडिओ काढून टाकतील. करू?"

"आधी दाखव."

त्या बाईच्या सुया कानापाशी थांबल्या. "इथे एक टाका उलटा घ्यायचा. का ते मला माहीत नाही, पण विसरू नका," तिने बजावलं.

खाली लोकांनी आपापल्या बाळांचे फोटो टाकले होते. लेक ते सरकवत गेली. कुणी बर्फात, कुणी बोटीवर, कुणी भोकाड पसरलेलं, कुणी दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. प्रत्येकाच्या डाव्या कानावर तो टाका होता. फोटो संपेनात.

"बाबा, करू ना तक्रार?"

"मधेच उठवू नकोस आईला," मी म्हणालो. "विणतेय ती."