वरून काय दिसतं

मालगुजारांची जमीनदारी गेली त्या सालच्या दिवाळीत बकाराम घरच्यांना बैलबंडीत घालून प्रतापगडचा पडका किल्ला पाहायला निघाला. लहानपणापासूनची त्याची हौस! पण जन्म धानाच्या सपाट बांध्यांत गेलेला. अर्ध्या चढावरच गुडघ्यांनी हात टेकले, मटकन दगडावर बसला. मागे सून रुख्मिणी पदर ओढून उभी. दरेकसाच्या डोंगरातली पोर, दमलीही नव्हती. वर्षभरात सासऱ्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. रीतच होती तशी. "माह्यासाठी काऊन थांबून राहिली, सूनबाई? तू तरी पाहून ये," तो हिरमुसून म्हणाला. ती सरसर चढली. वरून खणखणीत आवाज आला, "मामाजी, राजाच्या बैठकीवर वानर बसून राहिलं!" सासू दचकली. बकाराम खदखदून हसला, "आणखी का हाये?" परतताना समोरचा रस्ता दिसत असूनही बंडी हाकणाऱ्या बकारामनं मागे वळून विचारलं, "सूनबाई, आता का दिसून राहिलं?"